बुवांचा उपास कोणी मोडला

१

अग्निशमन खात्यात नवीन माणसाला कसली कामं देतात, तर मला एका गुहेत पाठवलं. छत ठिबकतंय, भिंती ओल्या, जमीन ओली, मुद्दाम पेटवायचं म्हटलं तरी काडी पेटणार नाही. अशा जागी आग लागली तर काय, हे तपासून यायचं. मी लाल नळकांड्यावरची मुदत वाचत होतो. ती उलटून गेली होती, त्यामुळे मी खुशीत होतो. तेवढ्यात समोरच्या भिंतीतल्या भोकातून एक बाई सरपटत बाहेर आल्या, उभ्या राहिल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "बुवांना कोणीतरी खाऊ घातलंय."

"कोण बुवा?"

"चल."

इथल्या प्रमुख त्याच, एवढं मला माहीत होतं. प्रमुखांना नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून मीही त्या भोकात शिरलो. आत पालथं पडून कोपरांवर जायचं. पाठीला दगड, पोटाला दगड. शेवटी एक खोली लागली. तिथे बाईंनी एक छोटा दिवा लावला आणि बुवांचं दर्शन घडवलं.

बुवा म्हणजे बुरशी. कोऱ्या दगडावर अंगठ्याच्या ठशाएवढा राखाडी डाग. त्या दगडावर मुंगी सोडली तर उपाशी मरेल. बुवा मात्र हवेतून येईल तेवढ्यावर आणि ठिबकणाऱ्या पाण्यात जो काही अंश असेल तेवढ्यावर बाईंच्या तरुणपणापासून बसून होते. काही खात नाही असं सांगणारे बाकीचे बुवा मागच्या दाराने जेवतात. हे खरंच जेवत नव्हते.

आता त्यांच्याभोवती पांढराशुभ्र कापूस उगवला होता. कानाला मफलर गुंडाळून बसावं तसा. चेहरा आणि डोकं तेवढं उघडं.

"शिळ्या पावावर येते ना, ती बुरशी," बाई म्हणाल्या. "तिला खायला लागतं. इथे खायला काही नसतंच. म्हणजे कोणीतरी आणून घातलं. मी आठवडाभर आजारी होते, आज आत आले. हा कापूस चार-पाच दिवसांचा आहे. तू कधी आलास?"

"आत्ताच."

"म्हणजे या गुहेत निर्दोष असा तू एकटाच."

हे मला आयुष्यात प्रथमच कोणी म्हणत होतं. त्या आनंदात मी त्यांच्यामागे सरपटत पुढच्या दालनात परत आलो. बाई तडक लोखंडी दाराकडे गेल्या. या गुहेला एकामागे एक अशी दोन दारं आहेत. बाहेरची हवा भसकन आत येऊ नये म्हणून एका वेळी एकच उघडायचं. बाई आतल्या दाराच्या कुलपाशी किल्ली घेऊन झटापट करत राहिल्या, कारण त्यांचा हात थरथरतो. मग कुलूप लागलं आणि किल्ली त्यांनी गळ्यातल्या दोरीला अडकवली.

"उद्या सकाळी समिती येतेय," त्या म्हणाल्या. "बुवा वाढतायत असं दिसलं तर गुहा माझ्याकडे राहील. नाहीतर मशरूमच्या कंपनीला जाईल. तिथे पेंढा भरून गुबगुबीत अळिंबी पिकवतील. हे कोणी केलं ते तू शोध. तोवर दार उघडणार नाही."

"माझी बस आहे," मी म्हणालो.

"बस रोजच असते," बाई म्हणाल्या.

२

कोंडून घातल्यावर माणूस आधी दार ढकलून बघतो. ते मी केलं. मग अधिकारवाणीने बोलून बघतो. गर्दीच्या जागेचं दार आतून कुलूपबंद ठेवणं नियमबाह्य आहे, असं मी म्हणालो. बाईंनी स्वतःसकट चौघांकडे बोट दाखवून विचारलं, गर्दी कुठे आहे. तेही बरोबर होतं.

चौघं म्हणजे सगळं एकच घर. बाई; त्यांचे दीर, ज्यांना वहिनींसकट सगळे भाऊजीच म्हणतात; बाईंच्या बहिणीची मुलगी; आणि बाईंचे सासरे, अण्णा. बाईंचे यजमान बाहेर असतात. कुठे, असं विचारलं तर नुसतंच "बाहेर" म्हणतात. गुहेत राहणाऱ्यांना उरलेलं जग हे एकच गाव वाटत असावं.

भाऊजी मला दोन दारांच्या मधल्या जागेत सापडले. आतल्या दाराच्या खाली एक झडप होती, तिच्यातून ते तिथे गेले होते; पुढे बाहेरच्या दारालाही कुलूप होतंच. मी अलीकडे कान लावून बसलो. खायचं ते तिथेच, उभ्याने आणि एकेकट्याने, असा इथला नियम. एक कण आत आला तर बुरशीला मेजवानी.

"बंबवाले, बिस्कीट चालेल का?" आतून आवाज आला.

"आधी जबाब."

"जबाब काय द्यायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे चोराचा पत्ताच नाही, थेट संन्याशालाच दिलीय."

भाऊजी दगडांचे अभ्यासक. बाहेर आले तेव्हा त्या झडपेला त्यांचा बराच विचार करावा लागला. देह भरलेला. गेली कित्येक वर्षं ते फक्त पुढच्या दालनातल्या दगडांचा अभ्यास करतात, कारण आतल्या भोकात ते एकदा कमरेपर्यंत गेले आणि तिथेच राहिले होते. भाचीने पाय धरून ओढलं, अण्णांनी साबणाचं पाणी ओतलं, आणि वहिनी दुसऱ्या बाजूने ओरडत होत्या की साबण आत येऊ देऊ नका.

"म्हणजे तुम्ही आत जाऊच शकत नाही."

"जाऊ शकतो. येऊ शकत नाही."

"गुहा कंपनीला गेली तर तुमचं काय?"

भाऊजींनी मिशीवरचा चुरा नियमाप्रमाणे झडपेच्या पलीकडे झटकला. "कंपनीने मला विचारलंय. व्यवस्थापक म्हणून. खिडकीवाली खोली देणार." खिडकी हा शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला की मला बाजूला व्हावंसं वाटलं. "वहिनींना बोलू नकोस. आणि माझ्यामागे लागण्यापेक्षा आमच्या पोरीची पिशवी बघ. पलंगाखाली आहे. भरून ठेवलीय."

३

पिशवी खरंच भरलेली होती. भाची त्याच पिशवीवर बसून भिंगाची काच पुसत होती.

"पळून चाललीस?"

"दार उघडलं तर." तिने काच डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं. "समुद्रावर काम मिळालंय. बोटीवरून पाण्याचे नमुने गोळा करायचे. मला एकदा असं ठिकाण बघायचंय जिथे डोकं वर केल्यावर आपटत नाही."

"मावशीला सांगितलंस?"

"समिती जाऊ दे, मग सांगणार होते. बुवांची वाढ दाखवून झाली की मी मोकळी."

"मोजतं कोण?"

"मी एकटी. मावशीचा हात थरथरतो, पट्टी दगडाला लागायची. फोटो काढत नाही, उजेडाने शेवाळ धरतं. मी दर महिन्याला आत जाते, भिंगातून कड बघते, बाहेर येऊन मावशीला आकडा सांगते. आधी वर्षानुवर्षं तोच आकडा. समिती गुहा काढून घ्यायलाच निघाली होती. मग गेली दोन वर्षं बुवांनी मनावर घेतलं. केसभर, पण वाढले. त्यावर गुहा टिकलीय."

"समजा तू खोटाच आकडा सांगितला असतास तर?"

"तर कोणाला कळलं असतं?" ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की हे संशयिताने बोलायचं वाक्य नव्हे. "पण सांगितला नाही. मला खोटं बोलताना हसू येतं."

मी तिला घरातल्यांबद्दल विचारलं. मावशी बुवांशी बोलते, पण तोंडाला फडकं बांधून, थुंकी उडायला नको म्हणून. काका दगडांना नावं ठेवतात, दोन्ही अर्थांनी. अण्णा शाळेत चित्रकला शिकवायचे, आता दम्यामुळे इथे असतात; बाहेरच्या धुळीत दोन पायऱ्या चढवत नाहीत आणि गुहेतल्या हवेत त्यांचा श्वास चालतो. तेही इथे पुढच्या दालनापुरतेच. तरी ऐट शाळेचीच. रोज दोन दारांच्या मध्ये शर्ट खळीत बुडवून वाळत घालतात. गुहेत काही वाळत नाही, तर गरम तव्याने वाळवतात. त्यांच्या कॉलरवर पाव कापता येईल, असं ती म्हणाली.

"आता बघ," भाचीने भिंग खिशात टाकलं. "त्या भोकातून काका जात नाहीत. अण्णांना तिथे धाप लागेल. मावशी स्वतःच्या बुवांवर विष घालणार नाही. मग उरलं कोण?"

"तू."

"तेच म्हणतेय. मी केलेलं नाही, आणि हिशेब माझ्यावरच येतोय. म्हणून मी पिशवी धरून बसलेय."

४

अण्णा खुर्चीत ताठ बसून पेन्सिलीला टोक करत होते. सुईने लाजावं असं टोक. मी समोर उभा राहिलो तर म्हणाले, खांदे मागे. मी घेतले.

"अण्णा, तुम्हाला काही संशय?"

"संशय घ्यायला आत कोण जातं येतं हे दिसायला हवं आणि मी इथे खुर्चीत, मला हा दमा, चार पावलं टाकली की छाती भात्यासारखी, तेव्हा ते भोक, ते सरपटणं, तो अंधार हे सगळं तरुणांचं काम, आमच्यासारख्याने खुर्चीत बसून सुनेचं कौतुक करावं आणि वेळ आली की निमूट वर जाऊन धूळ खात मरावं, एवढंच आमच्या हातात राहिलेलं आहे."

एवढं सगळं ते एका दमात बोलले. माझी दमछाक झाली.

"गुहा गेली तर तुम्हाला बाहेर जावं लागेल."

"सुनेला जावं लागेल ते बघ. माझं काय." त्यांनी पेन्सिलीवर फुंकर घातली. फुंकर चांगली लांब होती. मग मान खाली घालून ते दुसऱ्या पेन्सिलीकडे वळले, तेव्हा कॉलर दिसली. तिने मान टाकली होती. तिच्यावर पाव काय, लोणीही कापलं गेलं नसतं.

एवढ्यात बाईंनी हाक मारली. "अरे बंब, सापडलं का काही? नसेल तर मी समितीला सांगते की पोरीने केलं. माझ्याशिवाय ती एकटीच आत जाते, दुसरं कोणी नाही. उद्या तिचं नाव देते आणि विषय संपवते."

भाचीच्या तोंडाचा रंग उडाला. ज्या पोरीला समुद्रावर जायचं होतं तिचं नाव उद्या अशा ठिकाणी जाणार होतं की तिला कोणी तळ्यावरसुद्धा ठेवलं नसतं.

"मला एकदा आत जाऊ द्या," मी म्हणालो.

५

मी मध्यावर अडकलो.

मी काही भाऊजींएवढा नाही. पण खात्याचा पट्टा, पट्ट्याला शिट्टी, आणि शिट्टी बरोबर दगडाच्या खाचेत. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. हात पुढे ताणलेले, तोंड जमिनीला, पाठीवर अख्खा डोंगर. इथे कुठेतरी पाणी मुरतंय असं म्हणायची सोय नव्हती, कारण ते सगळीकडेच मुरत होतं आणि त्यातलं बरंचसं माझ्या मानेवर.

घाबरायला झालं. मोठा श्वास घ्यावा तर छाती फुगून आणखी घट्ट. तेव्हा लहान लहान श्वास घेत मी पडून राहिलो. करायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून विचार केला. एरवी मी टाळतो.

समोर, भोकाच्या टोकाला, खोलीतला दिवा बाईंकडून घाईत चालूच राहिला होता आणि मला बुवा दिसत होते. पांढरा मफलर. मध्ये चेहरा स्वच्छ.

एखाद्याला बुवांना मारायचंच असतं तर त्याने काय केलं असतं? वर काहीतरी ओतलं असतं. कापूस डोक्यावर उगवला असता, ओघळासारखा खाली आला असता. चुकून सांडलं असतं तर कुठेही उगवला असता. पण हा कडेकडेने होता, सारख्या रुंदीचा, अगदी जपून. शत्रू कशाला कड सांभाळेल? कड सांभाळतो तो रंगवणारा.

मी शिट्टी तोडून टाकली. सरकारी मालमत्तेचं नुकसान. उलटा सरपटत बाहेर आलो, ते पाय आधी.

६

"बुवांना कोणी खाऊ घातलं नाही," मी म्हणालो. "त्यांना कोणीतरी मोठं केलं."

चौघंही माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाला चिखल होता, त्यामुळे मी गंभीर दिसत असावा.

"बुवांच्या कडेला कोणीतरी बारीक रंग लावत आलंय. म्हणून दोन वर्षं ते वाढताना दिसतात. कापूस त्या रंगावर आलाय. आता हे कोणी केलं असेल? भाचीने नाही. मोजते ती एकटी. तिला वाढ दाखवायची असती तर तिने नुसता आकडा वाढवून सांगितला असता. जिच्या हातात पट्टी आहे तिला कुंचला लागत नाही."

भाचीने श्वास सोडला.

"ज्याला मोजणारीला फसवायचं आहे, तो रंगवेल. ती भिंगातून बघते, म्हणजे हात असा हवा की भिंगालाही खरा वाटावा. बाई, तुमच्या हाताने किल्ली कुलपात जात नाही. भाऊजी कमरेपुढे जात नाहीत. आणि त्यांना खिडकी..." इथे मी थांबलो. "त्यांना वाढ दाखवून काही मिळत नाही."

"कसली खिडकी?" बाई म्हणाल्या.

"नंतर," भाऊजी म्हणाले.

"राहिले अण्णा. त्यांना धाप लागते, हे मला सगळ्यांनी सांगितलं. खुद्द त्यांनी तर इतकं लांबलचक सांगितलं की मध्ये श्वास घ्यायलाही थांबले नाहीत. बाहेर लागत असेल धाप. इथली हवा त्यांना मानवते म्हणून तर ते इथे आहेत. ती हवा भोकाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी असते का? दोन वर्षं ते पेन्सिलीने काम करत होते. शिशावर बुरशी येत नाही, त्यामुळे कोणाला कळलं नाही. या वेळी दगड जास्तच ओला असणार, शिसं धरेना. तेव्हा त्यांनी शिशाची पूड खळीत कालवली. खळ म्हणजे शिजवलेलं पीठ. बुवांना चालत नसेल, पावावरच्या बुरशीला पक्वान्न. अण्णा, खळ तिथे संपली म्हणून कॉलर पडलीय."

अण्णांचा हात कॉलरकडे गेला. तेवढ्यावर सगळं कळलं, पण ते बोललेही.

"तू दर महिन्याला पोरीचा आकडा ऐकून स्वतः आत जायचीस," ते सुनेला म्हणाले. "त्या भोकातून माणूस बाहेर येतो तेव्हा आधी नुसता चेहरा येतो. मी इथे खुर्चीत. तो पडलेला चेहरा मी किती वर्षं बघायचा? आणि खरं सांगायचं तर मला बाहेर जायचं नव्हतं. बाहेर गेलो की मी म्हातारा होतो."

बाईंनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं मी तुमच्या पेन्सिलीवर संशोधन केलं."

"हो."

"जगभर कळवलं."

"रेघ बरी होती," अण्णा हळूच म्हणाले.

बाईंनी गळ्यातली दोरी काढून किल्ली माझ्यापुढे धरली. "जा, तुझी बस बघ. उद्या समितीला खरं काय ते मी सांगते. वाढ काही नाही. गुहा घ्या म्हणते." 

मी किल्ली घेतली आणि दाराकडे गेलो. कुलपात घातली. आणि भाची म्हणाली, "थांब."

७

दार उघडलं की हवा आत ओढली जाते. हवा आत गेली की त्या कापसातली भुकटी उडणार आणि गुहाभर बसणार. मग बुवा असोत नसोत, इथे उपाशी असं काहीच उरणार नाही. कापूस निघेपर्यंत दार उघडायचं नाही, असं तिचं म्हणणं. आगीतून फुफाट्यात हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं, तेही खात्याच्या.

"मग काढ कापूस," भाऊजी म्हणाले.

"कसा काढू? खाली रंग. रंगाखाली बुवा कुठे संपतात हे मला माहीत आहे का? मी दोन वर्षं चुकीचीच कड मोजतेय. जास्त खरवडलं तर बुवाच जातील."

खरी कड कुठे होती हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"अण्णा," बाई म्हणाल्या, "उठा."

अण्णांनी शर्ट काढून ठेवला, नीट घडी घालून. भोकात ते असे गेले की माझ्या मनात आलं, खात्यात यांना घ्यायला हवं. मागे भाची, मग मी, दिवा धरायला. बाई शेवटी आल्या. आत पोचल्यावर सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली. भाऊजी पलीकडून विचारत राहिले की काय चाललंय, आणि कोणी उत्तर देत नव्हतं, कारण बोललं तरी कापूस हलायचा.

भाचीने ओल्या फडक्याने कापूस टिपून घेतला, फुंकर लागू न देता. मग अण्णांनी ओला कुंचला घेतला आणि स्वतःचं काम पुसायला लागले. शेवटची रेघ आधी, मग तिच्या आतली, मग तिच्याही आतली. कुठेही चुकले नाहीत. मध्येच त्यांची छाती घरघरली. खोकला येतोय हे आम्हा तिघांनाही कळलं. बाईंनी पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तोच थरथरणारा हात. खोकला तिथेच विरला.

डाग लहान होत गेला. जुन्या मापावर आला. बाई एकटक बघत होत्या, हिशेब चुकता होताना माणूस बघतो तसं.

वरच्या बाजूला अण्णांचा कुंचला थांबला.

"काय झालं?" बाई फडक्यातून म्हणाल्या.

"इथे मी काही केलेलं नाही."

"नीट आठवा."

"आठवायचं काय? वरची बाजू मी सोडली होती. तिथे पाणी ओघळतं, शिसं धरत नव्हतं." त्यांनी कुंचला मागे घेतला. "ही रेघ माझी नाही."

भाचीने भिंग लावलं. डागाच्या वरच्या कडेतून एक धागा निघाला होता. राखाडी, केसाहून बारीक. जिथे खळ नव्हती, शिसं नव्हतं, काहीच नव्हतं, अशा कोऱ्या दगडावर तो थोडा वर गेला होता आणि तिथे त्याला फाटा फुटला होता.

भाची बाजूला झाली आणि भिंग मावशीच्या डोळ्याला स्वतः धरलं, हलू नये म्हणून. बाई बघत राहिल्या.

"अण्णांची खळ खाऊन निघाला असेल," भाची म्हणाली.

"असेल," बाई म्हणाल्या. "किंवा नसेल. ते कळायला इथे बसावं लागेल. समितीला हेच सांगणार. वाढ खोटी होती, आणि हा एक धागा आहे, आणि तो कोणाच्या जेवणावर आलाय ते मला माहीत नाही. द्यायची तर द्या गुहा."

"आणि मोजायला कोण?" भाचीने विचारलं. तिने पिशवीचं अजून सांगितलेलं नव्हतं.

"तुझी पिशवी मी परवाच बघितली. जा तू समुद्रावर." बाईंनी डोळा भिंगावरून काढला नाही. "ज्याला दोन वर्षं केसभर रेघ काढता येते त्याला ती मोजताही येईल. अण्णा, यापुढे हातात फक्त पट्टी."

अण्णांनी मान डोलावली आणि पहिल्यांदाच त्यांना खरी धाप लागली.

पलीकडून भाऊजी म्हणाले की त्यांना कोणी काही सांगणार आहे का. किल्ली माझ्या खिशात होती. कापूस निघाला होता, दार उघडायला आता कोणाची हरकत नव्हती. माझा हात भरून आला होता. पण दिवा खाली घेतला असता तर त्या फाट्यावर अंधार पडला असता आणि बाईंचं बघून झालं नव्हतं, म्हणून मी तो तसाच धरून ठेवला.